मान तुमचा, खिडकी माझी

शनिवार पेठ, पुणे
३ नोव्हेंबर २०२५

श्रीमती विमलाबाई गावंडे यांस,
सप्रेम नमस्कार.

फोन करता आला असता. पण आपल्या दोघींचे फोन कसे संपतात हे आपण जाणताच. गेल्या वेळी आधी मी ठेवला की आपण, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. म्हणून लिहिते. खराडी आणि शनिवार पेठ एकाच शहरात असूनही पत्राला तीन-चार दिवस लागतात, तेवढ्यात दोघींची डोकी थंड होतील असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

मुद्दा असा. आमोदने आपल्या दोघींची तिकिटं काढली आहेत. भाग्यश्रीला डॉक्टरांनी बाळंतपणासाठी डिसेंबरचा मध्य सांगितला आहे, तेव्हा आपण पहिल्याच आठवड्यात सिलिगुडीला पोचायचं. आपली लेक, माझी सून. दोघींनी जाणं रास्तच आहे. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून बागडोगरा. या दुसऱ्या विमानात त्याने डाव्या बाजूला शेजारीशेजारी दोन जागा धरल्या आहेत, एक खिडकीची आणि एक मधली. डावीकडे का, तर दिल्लीहून पूर्वेला जाताना हिमालय डाव्या हाताला राहतो आणि ऊन दुसरीकडून येतं. पंखाच्या मागे का, तर पंखावर बसलं की प्रवासभर पंखच बघावा लागतो. हे सगळं त्याने मला इतकं सविस्तर कळवलंय, जणू विमान मीच चालवणार आहे.

आता खिडकीशी कोण आणि मध्ये कोण, हे त्याला सांगायचं आहे. माझ्या मते खिडकीशी मी बसावं. मी वरमाय आहे. लग्नात मला बसायला जागा मिळाली नव्हती, हे आपल्याला आठवत असेल. पुढचे सगळे कोच आपल्याकडच्या मंडळींनी भरले होते आणि मी अक्षता घेऊन खांबाशी उभी होते. तो विषय मी काढत नाही, नुसती आठवण करून दिली.

अळिवाचे लाडू मी नेते आहे. आपण दुसरं काहीतरी न्यावं.

आपली,
मंदाकिनी परचुरे


खराडी, पुणे
८ नोव्हेंबर २०२५

सौ. मंदाकिनीताईंना विमलाचा नमस्कार.

पत्र पोचलं. लिफाफा बघून आमच्या सूनबाई श्रद्धा घाबरल्या. म्हणाल्या, "आई, कोर्टाची नोटीस आहे का हो?" मी म्हटलं, "नाही गं, विहीणबाईंचं प्रेम आहे."

कोचांचं सांगते. आमची माणसं दारव्ह्याहून रात्रभर बसने आली होती. पाय सुजलेले, डोळ्यांवर झोप. रावसाहेब भाऊजी तर मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच घोरायला लागले होते, त्यांना उठवायला बँडवाला लागला असता. मी तुमच्यासाठी खुर्ची आणायला मागे पळाले आणि घेऊन येते तो तुम्ही चारचौघांत म्हणालात, "राहू द्या, आम्ही उभ्यानेच आशीर्वाद देतो, आमचे पाय शाबूत आहेत." ती खुर्ची हातात धरून मी तशीच उभी राहिले. म्हणजे त्या दिवशी आपण दोघीही उभ्याच होतो.

आता खिडकीचं. ताई, बाकी काहीही मागा. बारशाला पाळण्याची दोरी पहिली तुमच्या हातात, पहिली ओटी तुमची, फोटोत मध्ये तुम्ही. मान तुमचा, खिडकी माझी.

का ते सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर चौथीचा वर्ग घेतला. नकाशा टांगायचा, छडी लावायची, "हा हिमालय, हे कांचनगंगा शिखर." पोरं मागोमाग म्हणायची. एका वर्षी उत्तरेश्वर नावाचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, तुम्ही पाहिलंय का?" मी म्हटलं, "नाही रे, पुस्तकात आहे." तर म्हणतो, "मग ते आहे कशावरून?" वर्ग हसला, मीही हसले. पण त्यानंतर दर वर्षी त्या धड्याला माझा आवाज थोडा खाली यायचा. आमच्याकडे टेकडीलासुद्धा डोंगर म्हणतात हो. मी बर्फ पाहिलाय तो फक्त लग्नात, सरबताच्या पिंपातला.

पुणे-दिल्ली विमानातली खिडकी तुम्ही घ्या. पुढची मला द्या.

मी डिंकाचे नेते. अळीव तुमचेच.

तुमची,
विमला


शनिवार पेठ
१३ नोव्हेंबर २०२५

विमलाबाईंस,
सप्रेम नमस्कार.

पुणे-दिल्ली खिडकी मला, म्हणजे मी दुधाची तहान ताकावर भागवायची. ठीक. आपला उत्तरेश्वर हुशार होता, एवढं मान्य करते. पण चौथीतल्या मुलाच्या शंकेवर विमानातल्या जागा ठरू लागल्या तर कठीण आहे.

काल भाग्यश्रीचा फोन आला होता. आपण तिच्या कानावर घातलेलं दिसतं. ती म्हणाली, "आई, त्यात काय एवढं? एकामागे एक अशा दोन खिडक्या घेऊ. तुम्हाला एक, आमच्या आईला एक. दोघी खूश." मी नको म्हणून सांगितलं. बसायचं तर शेजारीशेजारी आणि खिडकी मलाच. कारण विचारू नये. काही गोष्टी कारणाशिवाय असतात.

आमोदला उत्तर हवं आहे. तो रोज विचारतो.

आपली,
मंदाकिनी परचुरे


खराडी
१७ नोव्हेंबर २०२५

मंदाकिनीताई,

नमस्कार लिहिला असं समजा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आमच्या मुलाकडून, संतोषकडूनही वाचून घेतलं, तरी घोडं पेंड कुठं खातंय ते कळेना. माझ्या लेकीने सरळ मार्ग काढला होता. दोन बाया, दोन खिडक्या. कुणाचं काही जात नव्हतं. तोही तुम्हाला चालेना. मग याचा अर्थ मी काय घ्यावा? तुम्हाला खिडकी मिळण्यापेक्षा मला न मिळणं महत्त्वाचं आहे, हाच ना? खांबाशी उभं राहावं लागलं त्याचा राग अजून धुमसतोय. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

मी साधी मास्तरीण आहे ताई, पण मुलीची आई म्हणून किती वाकायचं यालाही हद्द असते. लग्न होऊन तीन वर्षं झाली. आता तर मुलीला मूल होतंय. अजून मी तुमच्यासमोर खुर्ची धरून उभीच का?

घ्या खिडकी. मी मध्ये बसते, नाहीतर पलीकडे जाते, नाहीतर रेल्वेने येते. पण एक ऐका. तिथे गेल्यावर भाग्यश्रीसमोर आपण दोघी अशा राहिलो, तर त्या पोरीने कळा सोसायच्या की आपल्याला सांभाळायचं? मला त्याची काळजी आहे, डोंगराची नाही.

विमला गावंडे


शनिवार पेठ
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय विमलाबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा हे घरी नव्हते, ते बरं झालं. मी स्वयंपाकघरात बसून वाचलं आणि तिथेच हे लिहायला घेतलं.

तुमचं चुकलं आहे. पण तसं वाटायला मीच लावलं, म्हणून खरं काय ते लिहिते. हे आमच्या ह्यांना ठाऊक नाही, आमोदला नाही, कुणालाच नाही.

मला उंचीची भीती वाटते. साधी नाही. गच्चीवर वाळवण घालायला गेले तर कठड्यापासून चार हात लांब बसते. सिंहगडावर सगळे कडा बघायला जातात, तेव्हा मी कड्याकडे पाठ करून कांदाभजी खाते आणि सगळ्यांना वाटतं, मंदाला खाण्याची भारी आवड. मी आजवर विमानात बसलेले नाही. आमोदने किती वेळा तिकिटं काढू म्हटलं. दर वेळी मी गुडघे पुढे केले. माझे गुडघे उत्तम आहेत.

खिडकी मला हवी होती ती बंद ठेवायला. आमच्या बँकेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं की खिडकीची झडप खिडकीशी बसलेल्याच्या हातात असते. तुम्ही तिथे बसलात तर ती उघडी राहणार. आणि एकामागे एक बसलो असतो तर झडप मला मिळाली असती, पण शेजारी कुणी परका माणूस आला असता. त्याच्यादेखत मी घाबरले असते. तुमच्यादेखत घाबरणं त्यापेक्षा बरं, असं का वाटलं ते मला सांगता येणार नाही. आपण तर एकमेकींशी धड बोलतही नाही.

आणखी एक. गेले काही दिवस मी न जाण्याची सबब शोधते आहे. तुमच्याशी भांडण ही सबब छान होती. "विहीणबाईंशी पटलं नाही, म्हणून गेले नाही," हे सगळ्यांनी विश्वासाने ऐकलं असतं. म्हणूनही मी अडून बसले. पण मग नातवंड जन्माला येईल आणि मी इथे बसून फोनवर त्याचं तोंड बघेन. आमोदच्या वेळी माझी सासू शेजारच्या खोलीत होती, तरी मला वाटायचं, आणखी कुणीतरी हवं. भाग्यश्री तर परमुलखात आहे.

मला जायचं आहे, विमलाबाई. कसं जाऊ ते कळत नाही.

तुमची,
मंदाकिनी


खराडी
२४ नोव्हेंबर २०२५

मंदाताई,

आजपासून मंदाताई. आवडलं नाही तर कळवा, तरी मी तेच म्हणेन.

आधीच्या पत्रातलं सगळं बोलणं मागे घेतलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं आम्ही पोरांना म्हणायचो, तुम्हाला नाही म्हणत. भीती मलाही आहे, पालीची. विमानात पाल नसते, म्हणून मी शूर.

आमोदरावांना कळवून टाका: खिडकीशी विमला, मध्ये मंदाकिनी. झडप उघडी राहील, पण तुम्ही तिकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं. हात धरायचा. भीती वाढली की मी पाढे विचारीन. बँकेत होता तुम्ही, पावकी-निमकी येत असेलच. माझ्या वर्गात इंजेक्शनवाले आले की मी हेच करायचे. एकोणतिसाच्या पाढ्यात अडकलेल्या पोराला सुई कळत नाही.

तुमच्या श्रीधररावांना काही सांगू नका. गुडघ्यांना तेल लावत राहा, म्हणजे संशय यायचा नाही.

तुमची,
विमला


शनिवार पेठ
९ जानेवारी २०२६

प्रिय विमलाताई,

सुखरूप पोचले. ज्यासाठी तुम्हाला भाग्यश्रीजवळ ठेवून एकटी परत आले, ते ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. आता एका डोळ्याने मला आणि दुसऱ्याने मी न पुसलेली धूळ बघतात. नातीचे फोटो मात्र दोन्ही डोळ्यांनी. ती त्यांच्या आईवर गेली आहे असं जाहीर झालं आहे. तुम्ही मनावर घेऊ नका, ते माझ्या मांजरालाही स्वतःच्या आईवर गेलंय म्हणतात.

सिलिगुडीत असताना जे बोलायचं राहिलं ते लिहिते. तोंडाने मला जमलं नसतं.

जाताना दिल्लीपासून सगळं नीट चाललं होतं. झडप उघडी, माझी मान तुमच्याकडे, तुमचं नाक काचेला. मग वैमानिकाने सांगितलं की डावीकडे थोड्या वेळात कांचनगंगा दिसेल, आणि नेमकं तेव्हाच विमान हादरायला लागलं. मी डोळे मिटले. तुम्ही काचेकडे पाठ केलीत, माझे दोन्ही हात धरलेत आणि औटकी, तो साडेतीनाचा पाढा, विचारायला लागलात. औट एके औट, औट दुणे सात. मी चुकायचे, तुम्ही मागे न्यायचात. आजूबाजूला लोक फोन वर करून फोटो काढत होते, "वा वा" म्हणत होते. त्यांचा आवाज मला येत होता, तर तुम्हालाही येत असणारच. तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत. विमान शांत झालं आणि मी डोळे उघडले, तेव्हा काचेबाहेर चहाचे मळे होते. मी म्हटलं, "तुमचा डोंगर?" तुम्ही म्हणालात, "जातो कुठं बाप्पा? डोंगरच तो."

घरमालक सांगायचे की गच्चीवरून दिसतो. महिनाभर रोज सकाळी तुम्ही गच्चीवरून, मी दारातून बघितलं. धुक्याशिवाय काही दिसलं नाही. त्यात बाळ आलं, आंघोळी, धुरी, लाडू, रात्रीची जागरणं. तुम्ही पुन्हा डोंगराचं नाव काढलं नाहीत. मला मात्र एकही दिवस त्याचा विसर पडला नाही.

म्हणून येताना मी आमोदला म्हटलं, मला खिडकीची जागा दे. तो बघतच राहिला. वर मी म्हटलं, डावीकडची दे. तर भाग्यश्री हसून हसून बाळासकट हलायला लागली. "अहो आई, येताना विमान उलट्या दिशेने येतं. आता हिमालय उजवीकडे." बँकेत मी लोकांच्या सह्या उलट्या-सुलट्या ओळखायचे, पण हे लक्षात आलं नाही.

मी एकटी बसले. शेजारी एक तरुण मुलगा होता, त्याने विमान हलायच्या आधीच डोळे मिटले. झडप बंद होती. मी औटकी म्हणत ती स्वतःच्या हाताने वर केली. आणि मी पाहिला, विमलाताई.

कसा आहे ते सांगणार नाही. मी सांगितलं तर पुन्हा ते पुस्तकात असल्यासारखंच होईल. उत्तरेश्वराचं समाधान व्हायचं नाही. एवढंच सांगते की खाली बघावं लागत नाही. तो खाली नसतो, समोर असतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी प्रवास झाले असते.

आता तुमच्यासाठी सूचना. भाग्यश्रीला आणि बाळाला घेऊन याल तेव्हा सकाळचंच विमान घ्या. उजवी बाजू, पंखाच्या बऱ्याच मागे. जागा खिडकीची म्हणतात, पण कधीकधी खिडकी खांद्याच्या मागे येते. माझी तशीच होती, मान अजून दुखते. आमोदला चित्र बघून रांग निवडायला सांगितलं आहे. उड्डाण झालं की लगेच बघायला लागा, पट्टा सुटायची वाट बघू नका. येताना तो आधी येतो. भाग्यश्री म्हणेल, आई, बाळ माझ्याकडे, तू आराम कर. आराम करू नका. मान कुणालाही द्या, खिडकी तुमची.

बारशाची तयारी इकडे सुरू आहे. पाळण्यापुढे दोन खुर्च्या मांडायच्या असं मी ह्यांना बजावून ठेवलं आहे. रावसाहेब भाऊजींना वेगळा कोच.

तुमची,
मंदा


विमानातून
८ फेब्रुवारी २०२६

मंदाताई,

अक्षर वाकडं आहे, कारण मांडीवर नात आहे आणि वही तिच्या पायांवर. हे पत्र टपालात टाकायचं नाही. पुण्याला तुम्ही विमानतळावर याल, तेव्हा हातातच देईन. आधी पोरीला घ्या, मग पत्र.

तुम्ही सांगितलं तसंच बसलेय. उजवी बाजू, पंख पुढे, खिडकी बरोबर डोळ्यासमोर. भाग्यश्री मधल्या जागेवर. धावपट्टीवर इतकं धुकं होतं की पंखाचं टोक दिसेना. वाटलं, आपल्या नशिबात नाहीच. सवयीने शेजारी हात गेला, तर तिथे तुम्ही नव्हता. चुकल्यासारखं झालं. मग मीच मनातल्या मनात औटकी सुरू केली.

धुक्याच्या वर आलो आणि तो होता.

ताई, तो पांढरा नाही. जन्मभर मी पोरांना पांढराशुभ्र म्हणून शिकवलं. सकाळच्या उन्हात तो तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा पिवळसर आहे. आणि एक शिखर नाही, सगळं कुटुंबच उभं आहे. आता ती सगळी पोरं मला परत वर्गात बोलवावीशी वाटतात. त्यांना सांगायचं आहे की बाईंचं थोडं चुकलं होतं.

मला रडू आलं. आवाज फुटला असणार, कारण भाग्यश्री घाबरली. "आई, काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही बाप्पा. आहे तो."

तुम्ही एकटीने झडप कशी उघडली असेल ते आता कळलं. मी हा डोंगर जाताना बघितला असता तर मी एकटीने बघितला असता. आता तो आपण दोघींनी बघितलाय, वेगवेगळ्या दिवशी, पण एकाच बाजूच्या काचेतून. मला हेच जास्त आवडलं.

तो मागे पडायच्या आत मी पोरीला उचलून खिडकीशी धरलं. ती गाढ झोपली होती. गालाला गार काच लागली तेव्हा एक डोळा उघडला, बाहेर बघितलं, जांभई दिली आणि परत झोपली. भाग्यश्री म्हणते, एवढ्या बाळाला एवढ्या लांबचं दिसत नाही. म्हणू दे. माझ्या डोळ्यांदेखत तिने पाहिलंय. अजून काही वर्षांनी एखादी बाई नकाशा टांगेल, छडी लावेल, "हा हिमालय" म्हणेल, तेव्हा त्या वर्गातून हिचा हात वर येईल.

तुमची,
विमला